मांड्याला घातलेली कंठी

कंठीवाल्या माणसाची गोष्ट म्हटल्यावर तुम्ही आता एखाद्या भोंदू महाराजाची वाट बघत बसाल. तो येईल, डोळे मिटेल, बायाबापड्यांचे दागिने काढून घेईल आणि शेवटी पोलीस त्याला बेड्या घालून नेतील. तर आधीच सांगतो, महाराज या गोष्टीत येतच नाही. मी त्याला कधी पाहिलं नाही. पाहिलं असतं तर त्याची नक्कल तरी केली असती. आता राहिला अक्काचा सासरा. तो सुनेला छळणारा असेल असं वाटत असेल, तर तेही नाही. तिला तो 'बेटा' म्हणायचा आणि हळू आवाजात बोलायचा. दुष्ट असता तर आम्हांला बरं पडलं असतं. दुष्ट माणसाशी भांडता तरी येतं.

अक्का माझी थोरली बहीण. तिला नरडाण्यापासून दोन कोसांवर एका खेड्यात दिली होती. आम्ही जळगावात, मेहरूणच्या अंगाला. आबा, म्हणजे वडील, जिनिंगच्या कारखान्यात कापूस तोलायच्या काट्यावर होते. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, हा आमच्याकडे लेकींचा सण. सासरच्या पोरी माहेरी येतात, झाडाला झोके बांधतात, आमरस आणि मांडे खातात आणि सासूच्या चुगल्या करतात. लग्नानंतरच्या पहिल्या आखाजीला अक्का आली तेव्हा चार मांडे खाऊन झोक्यावर बसली आणि म्हणाली, "फांदी मोडली तर मायचं नाव सांगेन."

त्याच पावसाळ्यात तिचा थोरला दीर तापाने गेला. तीन दिवसांत सगळं संपलं. सासऱ्याने महिनाभर कोणाशी बोलणं टाकलं. मग कुठूनतरी एका महाराजाची कंठी, म्हणजे तुळशीच्या मण्यांची माळ, घेऊन आला आणि सगळ्या घराच्या गळ्यात घातली. घरातले बाकीचे देव नदीत सोडले. नेम असा, की ज्याच्या गळ्यात कंठी नाही त्याच्या हातचं खायचं नाही, पाणीसुद्धा प्यायचं नाही. मग तो शेजारी असो नाहीतर सख्खी माय.

दुसऱ्या आखाजीला अक्काला आणायला मी गेलो. तेव्हा मी मॅट्रिकच्या वर्गात होतो आणि हेडमास्तरांपासून टांगेवाल्यापर्यंत सगळ्यांच्या नकला करून पोट भरत होतो, म्हणजे मार खाऊन. सासरा बैलगाडीने नरडाणा स्टेशनापर्यंत पोचवायला आला. गाडीत एक पोतं. त्यात पीठ, तांदूळ, डाळ, तवा, पातेलं, दोर आणि पाणी काढायची बादली.

"पोरनं माहेर तोडनारा मी कोन?" तो मला म्हणाला. "चार दिन ऱ्हाऊ दे तिले. फक्त नेम मोडू नका भाऊ."

सुरत लायनीची पॅसेंजर आली. त्याने आमच्याआधी डब्यात चढून तांब्यातलं पाणी बाकावर शिंपडलं. बाकावर आधीच एक धोतरवाला झोपलेला होता. तो ओला होऊन उठला आणि त्याने सासऱ्याच्या बापाचा उद्धार केला. सासऱ्याने हात जोडले, "माफी करा बाबा," म्हणाला आणि उरलेलं पाणीही शिंपडलं. धरणगाव येईपर्यंत मी मनातल्या मनात त्याचा तो आवाज घोटत होतो. नाकातून निघणारा, प्रत्येक वाक्याआधी 'हूं' करणारा.

घरी आल्यावर अक्काने मागच्या अंगणात निंबाखाली तीन विटा मांडल्या. स्वतःच्या दोराने विहिरीचं पाणी काढलं, स्वतःची खिचडी शिजवली आणि आमच्याकडे पाठ करून खाल्ली. माय उंबऱ्यात उभी राहून बघत होती. मायचं माहेर धरणगावकडचं. तिच्या हातचे मांडे सगळ्या आळीत नावाजलेले. पुरण भरलेला गोळा दोन्ही हातांवर नाचवत ती कोपरापर्यंत पसरायची आणि तापल्या खापरावर टाकायची. तीन दिवस ती स्वयंपाक करता करता उंबऱ्यात येऊन बघून जायची. मग आबांना म्हणाली,

"मी बी कंठी घालस. मंग ती खाई ना मना हातनं?"

आबा बिडी विझवत म्हणाले, "नी कानबाईले काय सांगशी? यंदा श्रावणमा येऊ नको म्हनशी?"

कानबाई आमच्या घरची देवी. मायच्या सासूच्या सासूपासूनची. माय पुन्हा पीठ मळायला लागली. आमच्या घरात एकीला लेक सोडवत नव्हती आणि देवीही सोडवत नव्हती, आणि मला हे सगळं एखाद्या वगनाट्यासारखं वाटत होतं. अक्का सासऱ्याच्या धाकाने मायच्या हातचं खात नाही, हे मी ठरवूनच टाकलं होतं. धाक घालवायचा कसा हे मला ठाऊक होतं. शाळेत हेडमास्तरांची नक्कल केली की पोरांची भीती जायची.

आखाजीच्या दिवशी दुपारी आबा झोपले होते. मांड्यांची चळत परातीत, वर फडकं. अक्का निंबाखाली विटा पेटवत होती. मी आबांचं उपरणं डोक्याला गुंडाळलं, जत्रेतून आणलेली लाकडी मण्यांची माळ हातात घेतली आणि परात उचलून अंगणात आलो.

"हूं. सूनबाई."

अक्का दचकून उठली. तिने पदर डोक्यावर घेतला. मग मला बघितलं.

"हूं. हाऊ वारा कोठून उना? इचार त्याले, कंठी शे का. नसी तं सास लेवू नको बेटा."

तिने ओठ दाबले. मी विटांवर पाणी शिंपडलं, निंबावर शिंपडलं, कावळ्यावर शिंपडलं. कावळा उडाला. "गया. बिनकंठीना व्हता." अक्काचे खांदे हलायला लागले. मग मी परातीवरचं फडकं काढलं आणि ती माळ मांड्यांच्या चळतीला घातली. "हूं. हाई बठ्ठं आते आपलं शे. खाई ले बेटा, मी सांगस ना."

ती हसायला लागली. आधी पदरात तोंड लपवून, मग खाली बसून, मग डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. वर्षभरात ती हसली नव्हती हे मला तिच्या हसण्यावरून कळलं. खोकल्यासारखं, अडत अडत येत होतं. त्या हसण्यातच मी मांड्याचा तुकडा मोडून तिच्या तोंडात घातला. तिने तो चावला. दुसरा तुकडा तिने स्वतः मोडला. माय उंबऱ्यातून हळूच आली, वाटीत आमरस घेऊन, आणि तिच्या शेजारी बसली. अक्काने दोन मांडे खाल्ले. मायने तिसरा पुढे केला तेव्हा तोही अर्धा खाल्ला. मी परात डोक्यावर घेऊन अंगणात नाचलो.

मग अक्काने हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. आत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडली. मला वाटलं, पोट भरलं म्हणून डोळा लागला असेल.

दुसऱ्या दिवशी तिने चूल पेटवली नाही. तिसऱ्याही दिवशी नाही. माय म्हणाली, मांडे जड झाले असतील, ओवा खा. अक्का म्हणाली, "नको माय." चौथ्या दिवशी मेव्हणे येऊन तिला घेऊन गेले. जाताना तिने मायच्या पायांवर डोकं ठेवलं ते उचलेना. मायनेच तिला उठवलं.

महिन्याभराने कार्ड आलं. अक्का चौथी शिकलेली, अक्षर मोठं आणि वाकडं. आबांनी ते मला वाचायला दिलं. लिहिलं होतं, की घरी पोचल्याबरोबर तिने स्वतःच सासऱ्याला सगळं सांगितलं. त्यांनी रागावून काही म्हटलं नाही. डोळे मिटून बसले आणि म्हणाले, "दुसरा पोरगाबी जाई आते?" अकरा दिवस ती नुसत्या दुधावर राहिली, मग पुन्हा कंठी घेतली. पुढे लिहिलं होतं, 'भाऊला बोलू नका. त्याने बळजबरी केली नाही. मला खावंसं वाटलं म्हणून मी खाल्लं. तीच भीती वाटते. मामंजींना एकच लेक राहिला आहे आणि तो माझा नवरा आहे. माहेरी आले की मला पुन्हा खावंसं वाटेल. म्हणून न्यायला येऊ नका.'

मी कार्ड वाचता वाचता थांबलो. माय म्हणाली, "वाच ना." मी वाचलं. धाक सासऱ्याचा नव्हता. मी नक्कल केली भलत्याच माणसाची.

पुढच्या आखाजीला आबा आणि मी तरीही गेलो. सासऱ्याने ओट्यावर घोंगडी टाकली, पत्रावळीवर जेवू घातलं. तो खूप वाळला होता. "मी कितला सांगं, जाय बेटा," तो आबांना म्हणाला. "तीच नही म्हनस." अक्का दाराआड उभी होती. तिने वरून पाणी ओतलं, मी ओंजळीने प्यालो.

"नकला करतोस का रे अजून?" तिने विचारलं.

"नाही," मी म्हणालो.

"कर," ती म्हणाली. "पण शाळेत कर." आणि तांब्या घेऊन आत गेली.

संध्याकाळच्या गाडीने आम्ही दोघंच परतलो. माय दारात उभी. तिने सकाळपासून मांडे करून ठेवले होते, कोणी सांगितलं नसताना. ती आधी आबांच्या मागे बघत राहिली, मग रस्त्याकडे. आबा चपला काढून आत गेले. मी चौकटीत तसाच उभा राहिलो. त्या मांड्यांवरून वर्षभर ती मला काही बोलली नव्हती. आता बोलली, आवाज न चढवता, माझ्याकडे न बघता.

"तुले कोन सांगं व्हतं तिले हसाडाले? खिचडी खाती ना ती. पाठ करीसन खाती. तीन इटा मांडीसन, मना निंबखाले. मी उंबऱ्यामाईन देखती. दर साल देखती. तुले मांडा चारानी घाई व्हती. मले नव्हती रे घाई. उपाशी ऱ्हाती तरी चालतं. येती तर खरी."