नवरात्रापुरतं जेवण

लहानपणी मी लठ्ठ होते. भाऊही तसाच होता, पण त्याला सगळे अंगानं भरलेला म्हणत. रेल्वेच्या दवाखान्यात वडिलांनी मला एकटीलाच नेलं. डॉक्टरांनी फर्मान काढलं, "भात, तूप, गोड बंद. दोन्ही वेळा अर्धी भाकरी आणि ताक. नाहीतर हिला कोण करून घेणार?"

वडील लोणावळा स्टेशनात पार्सलबाबू होते. दर रविवारी ते मला पार्सलच्या काट्यावर, कोंबड्यांच्या डालग्याशेजारी उभं करत. हमाल वजनं चढवायचा आणि ओरडून सांगायचा, "सायेब, न्हाई उतरलं!" फलाटावरची माणसं हसायची. मग घरी आई माझ्या अर्ध्या भाकरीतली चतकोर काढून भावाच्या ताटात टाकायची.

नवरात्रात मात्र कॉलनीतल्या बायका मला कुमारिका म्हणून जेवायला बोलवायच्या. भरल्या अंगाची पोर म्हणजे साक्षात लक्ष्मी, असं म्हणायच्या. माझे पाय धुवायच्या, कुंकू लावायच्या, पुरणपोळीवर तुपाची धार धरायच्या. तिथे आईसुद्धा आग्रह करायची, "वाढा हो, देवीला नाही म्हणू नये." मी पोट दुखेपर्यंत खायचे.

मग मला न्हाण आलं. त्या नवरात्रात एकाही घरून बोलावणं आलं नाही. मी आईला कारण विचारलं. ती ताक घुसळता घुसळता म्हणाली, "आता तुझ्यात देवी नाही."

इतकी वर्षं माझ्या तोंडानं देवी जेवत होती. भूक तेवढी माझी होती.