डिकीतल्या बॅटरीची पूजा

आमच्या इंद्रपुरी वसाहतीत सुभाषराव किरकिरे राहतात. कारखान्यात चौतीस वर्षं इलेक्ट्रिशियन होते. नोकरीतून निवृत्त झाले, पण हात काही निवृत्त होत नाहीत, आणि शेजारीण म्हणून ते मी सोसते.

बॉनेटखालच्या उष्णतेनं दोन बॅटऱ्या गेल्या, तेव्हा त्यांनी गाडीची बॅटरी थेट डिकीत हलवली. म्हणजे जाडजूड वायर मागच्या सीटखालून इंजिनापर्यंत जाणार, आणि त्या सीटवर बसणार त्यांच्या पत्नी सिंधूताई. ताईंनी साफ सांगून टाकलं, "विजेवर बसून मी येणार नाही. दसऱ्याला इंदूरला भावाकडे बसनं जाईन."

हे सुभाषरावांना फार लागलं. महिनाभर त्यांनी त्या वायरीचे असे लाड केले की मला चीड यायची. बॅटरीपासून वीतभर अंतरावर फ्यूज, पत्र्यातून वायर जाते तिथे रबरी कडं, वरून अखंड जाड नळी. रोज मला बोलावून दाखवायचे. "वायर पत्र्याला टेकली की फ्यूज उडणार, किस्सा खतम! सिंधूला सांगा ना जरा, तुमचं ऐकते ती." मी सांगितलं. शेवटी, दसऱ्याची पूजा झाली की बघू, इथवर ताई आल्या.

दसऱ्याला ही कारखान्यातली माणसं हत्यारं पुजतात. सिंधूताईंनी लाकडी पाट आणला. "अहो, हत्यारं यावर मांडा."

"पाट कशाला? आज बॅटरीच मुख्य देव!" असं म्हणत सुभाषरावांनी डिकीतल्या बॅटरीच्या पेटीचं झाकण उघडलं, कुंकू नीट लागावं म्हणून दोन्ही टर्मिनलांवरच्या रबरी टोप्या काढल्या, झेंडू वाहिला आणि नोकरीभर जपलेला लाडका पाना भक्तिभावानं वर आडवा ठेवला. एक टोक एका टर्मिनलवर, दुसरं दुसऱ्यावर.

फाडकन ठिणग्या उडाल्या. झेंडू करपला, नारळ घरंगळला, मी किंचाळले. सुभाषराव जोडलेल्या हातांनी नुसते उभे. सिंधूताईंनी तोच पाट उचलला आणि एका फटक्यात पाना अंगणात भिरकावला.

"एवढा तो फ्यूज, का नाही उडाला?" त्यांनी विचारलं.

"फ्यूज वायरीसाठी असतो," सुभाषराव पुटपुटले. "मूर्खपणा त्याच्या आधीच झाला." मग पायरीवर बसले. चेहरा इतका उतरला होता की मलासुद्धा वाईट वाटलं. "तू बसनंच जा, सिंधू. स्टँडवर सोडतो. रिक्षानं."

"वायरीला काही झालं का?"

"वायरीला काय होणार! पण तपासतो."

त्यांनी टोकापासून टोकापर्यंत सगळं तपासलं. टोप्या घातल्या, झाकण आवळलं. ताई शेजारीच उभ्या होत्या. गाडी किल्लीच्या पहिल्याच फेरीत सुरू झाली.

सिंधूताईंनी काळा पडलेला पाना माझ्या हातात दिला. "आम्ही येईपर्यंत हा तुमच्याकडे ठेवा." मग त्या मागच्या सीटवर, बरोबर वायरीवर, ऐसपैस बसल्या. मांडीवर पाट.

"आता पाट कशाला?" सुभाषरावांनी भीतभीत विचारलं.

"वायरीवर माझा पूर्ण भरवसा आहे," त्या म्हणाल्या. "पाट तुमच्यासाठी आहे. चला."