ऑर्व्हलची डावी टाकी

ऑर्व्हल टेस्के आणि मी कागदाच्या गिरणीत एकाच पाळीला होतो. तो फिटर. वाफेचे पाइप, पंप, झडपा हे त्याचं राज्य. कुठं फुसफुस सुरू झाली की फोरमन त्यालाच बोलवायचा, आणि ऑर्व्हलनं हात लावलेला सांधा पुन्हा गळला असं तीस वर्षांत कुणी पाहिलं नाही. हे आधी सांगून ठेवतो, कारण त्या हिवाळ्यात जे झालं ते दुसऱ्या कुणाचं झालं असतं तर हसण्यावारी गेलं असतं.

निवृत्त व्हायच्या आधीच त्यानं विमानाचा संच मागवला होता. दोन माणसांचं, ॲल्युमिनियमच्या पत्र्याचं, सुट्या भागांत येणारं विमान. ट्रकमधून लाकडी खोकी गॅरेजात उतरत होती तेव्हा त्याची बायको मार्सेला दारात हाताची घडी घालून उभी होती. माझी गाडी आता कुठं लावायची, एवढंच तिनं विचारलं. दोन वर्षांचा तर प्रश्न आहे, असं ऑर्व्हल म्हणाला. आता सातवं वर्ष चालू होतं. मार्सेला शाळेच्या स्वयंपाकघरात कामाला. पहाटे साडेपाचला अंगणात उभी राहून गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडायची. तो खरवडण्याचा आवाज मला रस्त्यापलीकडच्या माझ्या घरात ऐकू यायचा, आणि तो आवाज कुणाला उद्देशून आहे हेही कळायचं.

मी सकाळी न्याहारी झाली की जायचो. तो पुढून हवेच्या हातोड्यानं रिव्हेट ठोकायचा, मी पत्र्यामागून लोखंडी ठोकळा दाबून धरायचो. एक रिव्हेट वाकडं बसलं की तो ते ड्रिलनं काढायचा, भोक मोठं झालं की शिव्या द्यायचा, मग जाडं रिव्हेट शोधायचा. असे दिवसच्या दिवस जात. शेपूट झालं, पंखांचे सांगाडे झाले. मग आल्या टाक्या.

या विमानात पेट्रोल पंखांच्या पुढच्या कडेत असतं. म्हणजे पंखाचा पत्राच टाकी. प्रत्येक जोडाला, प्रत्येक रिव्हेटाला एक काळा लगदा फासायचा. दोन डब्यांतलं कालवून करतात तो. वास कुजक्या अंड्यांचा, आणि हाताला लागला की आठवडाभर जात नाही. तो घट्ट झाला की टाकीची सगळी तोंडं बंद करायची, एका तोंडाला रबरी फुगा लावायचा आणि टाकीत हवा भरायची. दुसऱ्या दिवशीही फुगा ताठ असला तर टाकी पास. उजवी टाकी जुलैत केली. फुगा दोन दिवस ताठ. ऑर्व्हलनं त्याच्याकडे पाहिलं आणि पुढच्या कामाला लागला. असंच व्हायचं असतं, असा त्याचा चेहरा.

डावी टाकी नोव्हेंबरात तयार झाली. संध्याकाळी फुगा लावला, हवा भरली, गॅरेज तापवायची शेगडी विझवली आणि आम्ही घरी गेलो. सकाळी पाहतो तर फुगा मान टाकून लोंबतोय.

ऑर्व्हलनं तो ओढून काढला आणि कोपऱ्यात भिरकावला. मग नवा लावून हवा भरली, सगळ्या जोडांवर साबणाचं पाणी सोडलं. एकही बुडबुडा नाही. भिंग घेऊन बसला. नाही. संध्याकाळी फुगा ठीक होता, सकाळी पुन्हा लोळागोळा. आठवड्यानं त्याचा धीर सुटला. टाकीच्या मागच्या भिंतीला त्यानं ताटलीएवढं भोक पाडलं, आत हात घालून चाचपडत सगळीकडे पुन्हा लगदा फासला, भोकावर झाकण बसवून रिव्हेटं मारली. घट्ट व्हायला दहा दिवस. अकराव्या सकाळी फुगा पुन्हा मेलेला.

नाताळ गेला, जानेवारी लागला. त्यानं दुसऱ्या टोकाला दुसरं भोक पाडलं. त्याच्या हातांना पत्र्याच्या कडांनी चिरा पडल्या होत्या, बोटं काळी. त्या वासामुळं मार्सेला त्याला जेवायला वेगळं बसवायची. शुक्रवारी आम्ही सगळे क्लबात तळलेले मासे खायला जातो, तिथं तो येईनासा झाला. पायात लोकरी मोजे चढवून गॅरेजमध्ये टाकीसमोर स्टुलावर बसलेला असायचा. मी काही सुचवायला गेलो की म्हणायचा, “ते केलंय.” आणि खरंच केलेलं असायचं.

एका शनिवारी घरी विमान बांधणाऱ्यांच्या मंडळातले चारपाच जण बघायला आले. त्यांच्यात लेलंड होता, त्याचं विमान तीन वर्षं उडत होतं. त्यानं टाकीवरून हात फिरवला, दोन्ही झाकणांकडे पाहिलं आणि म्हणाला, “माझ्या टाक्या पहिल्याच खेपेला पास झाल्या बुवा. तुझा मुळात हात घाईचा आहे का?”

तीस वर्षं वाफ कोंडलेल्या माणसाला हे विचारणं. ऑर्व्हलनं त्याच्या हातातला कॉफीचा पेला काढून घेतला, दार उघडून धरलं. सगळे गेले. पुढच्याच आठवड्यात मंडळाच्या पत्रकात जाहिरात आली: विमानाचे दोन पंख विकणे आहेत, डावी टाकी गळते. बाकीचं यथावकाश विकू, असं तो मला म्हणाला. मी म्हटलं, सात वर्षं, ऑर्व्हल. तो म्हणाला, “मला मोजता येतं.”

मार्सेलानं मात्र गॅरेजची जमीन पट्टीनं मोजून घेतली. गाडी बसत होती.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी वांडा झेब्रोव्स्की आली. पंचेचाळिशीची बाई, दणकट, गोठ्यांतल्या दूध थंड करायच्या टाक्या दुरुस्त करायचा तिचा धंदा. तीही असंच विमान बांधत होती, आणि त्याचा एक पंख ट्रेलरवरून पडून चेपला होता. पंखांसाठी मोकळा ट्रेलर ओढत ती सकाळी सातला दारात हजर. आदल्या दिवशी मुद्दाम फुगा लावून ठेवला होता. फसवून विकायचं नाही, ही ऑर्व्हलची जिद्द. गॅरेजमध्ये बादलीतलं पाणी गोठलं होतं. त्यानं तिला लोंबणारा फुगा दाखवला. “ही अशी आहे. नंतर म्हणू नका, सांगितलं नाही.” पाहुणी कुडकुडते म्हणून त्यानं शेगडी पेटवली, आणि तापेपर्यंत आम्ही आत कॉफी प्यायला गेलो. मार्सेलानं त्या दिवशी खसखशीचा केक केला होता. इतकी खुशीत मी तिला कित्येक महिन्यांत पाहिली नव्हती. मोजमापं, वाहतूक, पंख कसे बांधायचे, असं बोलण्यात तासभर गेला.

परत आलो. गॅरेज ऊबदार झालं होतं. आणि फुगा टाकीवर ताठ उभा होता.

कुणी त्याला हात लावला नव्हता. ऑर्व्हल जवळ गेला, त्यानं फुग्याला बोट लावून पाहिलं. वांडानं आधी फुग्याकडे, मग शेगडीकडे पाहिलं.

“रात्री ही विझवता तुम्ही?”

“विझवतो.”

“मग आतली हवा आक्रसते हो. एवढी मोठी टाकी, एवढासा फुगा. ही गळत नाहीय. हिला थंडी वाजतेय.”

ऑर्व्हल खाली स्टुलावर बसला. त्याला समजायला क्षणही लागला नसेल. थंड झाल्यावर हवा किती आक्रसते हे तो आम्हाला गिरणीत शिकवायचा. सकाळी फुगा लोंबलेला दिसला की शेगडी पेटायच्या आधीच तो रागानं उपटून काढायचा, म्हणून तो पुन्हा कधी उठलेला त्यानं पाहिलाच नव्हता. आणि उजवी टाकी जुलैतली. टाकी पहिल्यापासून धड होती की मधल्या एखाद्या खेपेला धड झाली, हे आता कुणालाच कळणार नव्हतं. त्यानं त्या दोन झाकणांवर हात ठेवले.

“धड टाकी फाडली मी,” तो म्हणाला. “दोनदा.”

मला वाटलं होतं, त्याला आनंद होईल. त्याचा चेहरा पाहून मी बाहेर बघू लागलो.

वांडानं हातमोजे चढवले. “म्हणजे तुम्ही आता विकणार नाही,” ती म्हणाली. “तीस मैल मोकळा ट्रेलर ओढत आले मी. निदान फोनवर तरी मी विचारायला हवं होतं, शेगडी कधी पेटवता म्हणून.”

मार्सेला केकचा उरलेला भाग कागदात गुंडाळून घेऊन आली होती, तिनं दारातूनच सगळं ऐकलं. पुडकं वांडाच्या हातात देऊन ती नवऱ्याकडे वळली.

“काय गरज होती रे शेगडी पेटवायची? कोट घालूनच आली होती ना ती?”

आणि ती आत गेली. मी रिव्हेटांचे डबे आवरले आणि घरी आलो.

पुढची दोन वर्षं त्यानं कामाला खंड पाडला नाही, पण शीळ घालत काम करणारा ऑर्व्हल पुन्हा दिसला नाही. प्रत्येक गोष्ट तो तीनदा तपासायचा आणि तिसऱ्यांदाही चिडायचा. लेलंडला त्यानं कधी काही सांगितलं नाही. मी सांगू का विचारलं तर नको म्हणाला. विमानांचा सरकारी तपासनीस येऊन सगळं पाहून, सही करून गेला. सप्टेंबरातल्या एका सकाळी काउंटीच्या धावपट्टीवरून ऑर्व्हल एकटा उडाला. मार्सेला कुंपणाशी माझ्याजवळ उभी होती, तिनं माझी बाही घट्ट धरली होती आणि विमान उतरेपर्यंत सोडली नाही. मक्याच्या शेतांवरून त्यानं तीन चकरा मारल्या, वीस मिनिटांनी उतरला, इंजिन बंद केलं. आम्ही धावत गेलो.

“कसं उडतंय?” मी विचारलं.

“उजवीकडे कलतंय,” ऑर्व्हल म्हणाला, आणि पट्टा सोडायच्या आधीच त्यानं माझ्याकडे पाना मागितला.