साडूंचा परवाना

माझ्या साडूंनी उभ्या आयुष्यात एकाही मध्यस्थाचं घर चालू दिलं नाही. स्वतःचं लग्नसुद्धा त्यांनी स्वतःच जमवलं. माझ्या सासऱ्यांकडे जाऊन म्हणाले, "मुलगा निर्व्यसनी आहे, मी त्याला लहानपणापासून ओळखतो." कुवेतला आल्यावरही खोड गेली नाही. शर्कच्या ऑफिसात दिवसभर हिशेब तपासायचे आणि सुट्टीच्या दिवशी भाजीवाल्याचा नफा वाचवायला थेट वफ्र्याच्या शेतावर जायचे. तिथे टोमॅटोची अख्खी पेटी घ्यावी लागे. मग एगैल्यातली आमची दोन्ही घरं आठवडाभर टोमॅटोचं सार पीत.

ताईंना, म्हणजे माझ्या मेहुणीला, नाशिकला तळमजल्याचं घर हवं होतं, मागे थोडी माती असलेलं. एगैल्याच्या गॅलरीत त्यांनी तेलाच्या डब्यात कढीपत्ता लावला होता. उन्हाळा आला की तो डबा उचलून बेडरूममध्ये, एसीसमोर. "याला एकदा जमिनीत लावू दे, मग मी सुटले," म्हणायच्या. तेव्हाच त्यांचं हृदय कुरकुरायला लागलं होतं.

मनासारखं घर सापडलंही. एजंटने दलाली मागितली आणि साडू तडकले. "माझ्याच घरासाठी परक्याला पैसे? मीच होतो एजंट."

"देऊन टाका हो," ताई म्हणाल्या. "किती दिवस थांबायचं?"

पण ऐकतो कोण. प्रशिक्षणाची फी भरली. परीक्षा नाशिकलाच द्यायची, म्हणून विमानाचं तिकीट आणि वर्षाची सगळी रजा. प्रश्नच चुकीचा आहे असं पर्यवेक्षकाशी भांडत बसले आणि दोन गुणांनी नापास झाले. पुढच्या वर्षीची रजाही तिथेच गेली, तेव्हा कुठे पास झाले. नोंदणीला कचेरीचा पत्ता हवा, म्हणून झेरॉक्सच्या दुकानात एक टेबल भाड्याने घेतलं. एजंटचा परवाना हाती आला तो एगैल्याच्या फ्रिजवर चिकटवला. या सगळ्यात दलालीच्या दुप्पट पैसे गेले. मी तसं म्हटलं तर म्हणाले, "साडूभाऊ, प्रश्न तत्त्वाचा आहे." तोवर ते घर विकलं गेलं होतं.

तिसऱ्या वर्षी शेजारच्याच इमारतीत तसंच घर मिळालं. फॉर्मवर खरेदीदार म्हणून सही केली, पेन दुसऱ्या हातात घेऊन परत उजव्या हातात घेतलं आणि एजंट म्हणून सही केली. किल्ली घेऊन कुवेतला परतले तेव्हा ताई दवाखान्यात होत्या. डॉक्टरांनी विमानप्रवासाला साफ नाही म्हटलं. दीड महिन्याने त्या गेल्या. मला साडूंचा राग आला होता, तो अजून पुरता गेलेला नाही.

मागच्या शुक्रवारी त्यांच्याकडे गेलो. कढीपत्त्याचा डबा एसीसमोर होता. परवाना फ्रिजवर होता तसाच. चहा निम्मा झाल्यावर म्हणाले, "नाशिकचं घर विकायचंय. तुमच्या ओळखीत कोणी एजंट आहे का?"

"अहो, तुम्हीच तर..."

"मला नाही दाखवता येणार ते घर कुणाला," ते म्हणाले. "मागच्या दारापाशी गेलो की बोलता येत नाही. मागेल ती दलाली देतो त्याला."

मी नंबर लिहून दिला. त्यांनी तिथूनच फोन लावला आणि दलालीवर घासाघीस केली नाही.