ताईंची ओळ

सत्तरच्या दशकात रविवारी आमची दोनदा प्रार्थना व्हायची. सकाळी आमच्या प्रोटेस्टंट देवळात, मिशनच्या काळातल्या, कोऱ्या भिंतींच्या. संध्याकाळी मावशीकडे. मावशी लग्न करून कॅथलिक घरात गेली होती आणि तिथे दिवेलागणीला मारियेच्या तसबिरीपुढे मेणबत्ती लावून रोझरी, म्हणजे माळेवरची प्रार्थना, चालायची.

बाबा आम्हाला सायकलरिक्षात बसवून देताना दर वेळी बजावत, "प्रार्थना करा, पण त्या फोटोपुढे गुडघे टेकायचे नाहीत." म्हणून आई खुर्चीवर बसायची. घरचे सगळे चटईवर गुडघे टेकून आणि मधोमध माझी आई, तपासणीला आलेल्या मास्तरणीसारखी. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

मारियेच्या प्रार्थना सुरू झाल्या की आई ओठ मिटून घ्यायची. पण मधेमधे प्रभूची प्रार्थना यायची. ती दोन्हीकडची. मग तिचा आवाज असा खुलायचा की बाहेर फाटकापर्यंत ऐकू जावा. अडचण एवढीच होती की कॅथलिक लोक ही प्रार्थना जिथे संपवतात, तिथे आमच्यात आणखी एक ओळ असते, राज्य, सामर्थ्य आणि गौरव देवाचंच आहे असं सांगणारी. सगळे आमेन म्हणून थांबत आणि आई सवयीनं एकटीच पुढे जाई. मावसभावंडं खुसुखुसु हसत. रोझरीत ही प्रार्थना सहा वेळा येते. आई सहाही वेळा तोंडघशी पडायची.

एका रविवारी तिनं ठरवून आमेनपाशीच तोंड बंद केलं. मावसाजींनी माळेचा मणी बोटांत तसाच धरून ठेवला. म्हणाले, "थांबल्या काहून ताई? तुमची ओळ होऊ द्या, मंग आमी पुढं जातो." तेव्हापासून त्या घरात त्या ओळीचं नावच पडलं, ताईंची ओळ.

मावशीनं मात्र ती कधीच म्हटली नाही. लहानपणी दोघी एका अंथरुणात पडून ती म्हणायच्या, असं आई सांगायची. एकदा सांभारवडीसाठी कोथिंबीर निवडताना आईनं विचारलंच, "एकडाव माझ्यासंगं म्हण न वं. तुले तर येते."

मावशीनं मान वर केली नाही. "येते वं ताई. पण म्हटली तर इथच्याइले वाटन, हिचं मन अजून माहेरीच हाये."

 परतताना आई रिक्षात माझ्यावरच उगाच खेकसली. मला मावशीचा राग आला. एवढीशी ओळ, म्हटली असती तर काय आभाळ कोसळणार होतं? त्यानंतर दर रविवारी आमेन झालं की आई मावशीकडे बघायची, क्षणभर थांबायची आणि मग एकटीच म्हणायची. किती वर्षं तिनं असं केलं!

ऐंशी सालानंतर आई गेली. मावशीकडे जायचा मला धीरच होईना. पुष्कळ रविवार गेले आणि मग त्या चटईची, मेणबत्तीच्या वासाची, त्या खुसुखुसु हसण्याचीसुद्धा अशी ओढ लागली की मी एकटीच रिक्षा करून गेले. मावशीनं मला आईच्या खुर्चीवर बसवलं.

पहिली प्रभूची प्रार्थना झाली. आमेन झालं. मावसाजींनी सवयीनं मणी धरून ठेवला आणि सगळे थांबले. ती ओळ आता माझ्याकडे आली होती, पण मला ती लगेच सुरू करता आली नाही. कोणी हसलं नाही. तेवढ्यात खालून, चटईवरून, मावशीनं ती सुरू केली. आईच्याच सुरात, कुठेही न अडखळता. पुढच्या पाचही वेळा तिनंच म्हटली. मावसाजी प्रत्येक वेळी थांबले.

दुसऱ्या-तिसऱ्या वेळेपर्यंत मी सावरले होते. मी तिच्यासोबत म्हणायला हवी होती. पण हे ऐकायला जी इतकी वर्षं त्या खुर्चीवर येऊन बसली, तिच्या जागी मी होते. मी नुसतं ऐकलं.