रियाद पाहावं निवडून

घर पाहावं बांधून आणि लग्न पाहावं करून, असं ज्यांनी म्हणून ठेवलं त्यांनी इंटरनेटवरून माराकेशमधली खोली कधी निवडली नसणार. नाहीतर तिसरं वाक्य त्यांनी नक्की जोडलं असतं. मी ती निवडायला बसलो आणि त्यातून माझ्या वाट्याला जे आलं त्याचा संताप अजून उतरलेला नाही. ही गोष्ट ऐकणारे हसतात आणि माझ्या बायकोची बाजू घेतात. म्हणून एकदा माझी बाजू लिहूनच काढतो.

दोन हजार सहा सालची गोष्ट. आम्ही सनीव्हेलला येऊन चौदा वर्षं झाली होती. डिसेंबरात पुण्याला पुतण्याचं लग्न होतं आणि त्याच महिन्यात आमच्या लग्नाला वीस वर्षं होत होती. बायको म्हणाली, जाताना वाटेत मोरोक्कोला उतरू, चार रात्री. माराकेशच्या जुन्या शहरात रियाद असतात. बाहेरून नुसती मातकट भिंत आणि एक दार. आत शिरलं की मधोमध अंगण, कारंजं, संत्र्याची झाडं आणि चारी बाजूंच्या खोल्या त्या अंगणातच उघडणाऱ्या. त्यातल्या बऱ्याच आता पाहुण्यांना राहायला देतात. तिने डेंटिस्टच्या वेटिंग रूममधल्या मासिकात असा एक फोटो पाहिला होता आणि ते पान फाडून आणलं होतं. जी बाई पार्किंग लॉटमध्ये दुसऱ्याने टाकलेला कागदसुद्धा उचलते, तिने पान फाडलं. यावरूनच मी काय ते समजायला हवं होतं.

तोवर आम्ही प्रवासात कुठेकुठे राहिलो होतो, तेही सांगायला हवं. न्यू जर्सीत मामेभावाच्या हॉलमधल्या सोफाबेडवर. शिकागोला माझ्या वर्गमित्राच्या बेसमेंटमध्ये, ट्रेडमिलच्या शेजारी. ग्रँड कॅन्यनला किचनेट असलेल्या मोटेलात, जिथे ऐन सूर्यास्ताला बायको मुगाची खिचडी लावत होती, कारण राइस कुकर आम्ही बरोबर नेला होता आणि नेलेली वस्तू न वापरता परत आणली की माझ्या जिवाला लागतं.

"कुणाचं घर नको, किचनेट नको, कुकर नको," ती म्हणाली. "एकदा मला अशा जागी राहायचंय जी मी फक्त ती सुंदर आहे म्हणून निवडली."

मी म्हटलं, तू आहेराचं आणि बॅगांचं बघ, हे माझ्यावर सोड. ते पान तिने फ्रिजवर लावलं.

आता त्या रियादवाल्यांच्या वेबसाइट्सबद्दल. उघडली की आपोआप संगीत सुरू. मी ऑफिसात पहिली साइट उघडली तेव्हा आमच्या सगळ्या क्युबिकल्समधून कुठल्यातरी तंतुवाद्याचा आलाप घुमला आणि मॅनेजर उठून उभा राहिला. संगीत बंद करायचं बटण कुठे आहे, हे शोधेपर्यंत आलाप संपून द्रुत लय सुरू झाली होती. आणि फोटो! पहिला, दाराची पितळी कडी. दुसरा, बशीत कापलेलं लिंबू. तिसरा, पाण्यावर तरंगणाऱ्या गुलाबाच्या पाकळ्या. चौथा, जिन्याची एक पायरी आणि तिच्यावर मांजर. पलंग एकदाच, तोही अर्धा. बाथरूम म्हणजे नुसती नळाची चोच. अरे, माणसाने झोपायचं कुठे? उरलेला अर्धा पलंग कुठे गेला? शॉवरला पडदा आहे की सगळं पाणी खोलीत? यांच्या लेखी हे प्रश्न विचारणारा माणूस रसिक नव्हता. नसेना का. माझा पोटापाण्याचा धंदाच चिप बाजारात जाण्याआधी तिच्यात काय काय बिघडू शकतं ते शोधण्याचा आहे. दाराच्या कडीवर विश्वास ठेवून मी कधी काही पास केलेलं नाही.

म्हणून मी रीतसर तक्ता केला. बारा रियाद, प्रत्येकाला गुण. आणि बाराही ठिकाणी एकोणीस प्रश्नांची एकच ईमेल पाठवली. डासांपासून जिन्याच्या पायऱ्यांच्या उंचीपर्यंत. एकाचं उत्तर आलं, "महोदय, आपण इथे फार आनंदी व्हाल." एकोणीस प्रश्नांना मिळून हे एक. दुसऱ्याला मी विचारलं होतं, खोलीला रस्त्याकडे खिडकी आहे का? त्याने कळवलं, रस्ता पाहायचा असेल तर महोदयांनी रस्त्यावर जावं.

मुलगी डेव्हिसला कॉलेजात होती आणि शनिवारी कपडे धुवायला घरी यायची. तिने माझ्या खांद्यावरून तक्ता वाचला. "बाबा, यू आर नॉट बायिंग द प्लेस," म्हणाली आणि ड्रायर लावायला गेली.

बायकोने तर पहिल्याच संध्याकाळी एकावर बोट ठेवलं होतं. हिरव्या फरश्यांचं अंगण, सहाच खोल्या. पायरीवरचं मांजर त्यांचंच. "हे," ती म्हणाली. मी म्हटलं, घाई नको. माझ्या तक्त्यात ते नववं होतं. असे तीन आठवडे गेले.

मग आला पॉटलक. दर महिन्याला आम्ही चार-पाच कुटुंबं आपापला पदार्थ घेऊन जमतो. माझं चुकलं असेल तर एवढंच, की मी प्रिंटआउट बरोबर नेले. पण मला सांगा, चार माणसांना विचारून ठरवावं असंच आपल्याला शिकवलंय ना? त्या चार माणसांपैकी एकही मोरोक्कोला गेलेला नव्हता, याची कुणालाही अडचण वाटली नाही. एकाने फोटो पाहून जाहीर केलं, की हा तर आपला वाडाच, यासाठी आफ्रिकेत कशाला जायचं, पुण्यात फुकट दाखवतो. बायकोने ताटातली भेंडी बाजूला सारून त्याला सांगितलं, की ती डोंबिवलीला दोन खोल्यांत वाढली, खिडकीतून समोरच्यांचा गॅस दिसायचा, तेव्हा तिला वाड्याची आठवण कुणी करून देऊ नये. तो गप्प बसला. पण यजमानांचे वडील, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, ते गप्प बसले नाहीत.

"माराकेशला? मग आपला माणूस आहे की तिथे!"

आपला माणूस म्हणजे काकांच्या पुतणीच्या नवऱ्याचा जुना सहकारी. मूळचा सांगलीचा, तिथे टेलिफोन कंपनीत. काकांनी पेपर नॅपकिनवर नंबर लिहून दिला.

मी रविवारी सकाळी कॉलिंग कार्डावरून फोन लावला तो फक्त माहितीसाठी. कुठली गल्ली बरी, एवढंच विचारायचं होतं. त्या माणसाने आठ महिन्यांत घराबाहेर मराठी ऐकलं नव्हतं. हॉटेलात उतरणार हे ऐकून तो दुखावलाच. आम्ही इथे असताना? मी म्हटलं, तुम्हाला त्रास कशाला. तो म्हणाला, त्रास कसला त्यात. मी म्हटलं, नाही हो, खरंच नको. तो म्हणाला, मग आम्ही परके समजायचं का? मी म्हटलं, तसं नाही, पण. तो म्हणाला, पण नाही नि बिण नाही, चारही रात्री इथेच.

मी म्हटलं, बरं.

दुसरं काय म्हणणार होतो? समोरच्याने इतका आग्रह केल्यावर किती ताणायचं, याला काही मर्यादा आहे की नाही? जेवायला बसलेला माणूस तिसऱ्यांदा वाढायला आलं की ताटावरचा हात काढतोच. मी हात काढला.

बायको टॉवेलच्या घड्या घालत होती. मी तिला आनंदाची बातमी द्यावी तशी ही बातमी दिली. ती म्हणाली, किती रात्री? मी म्हटलं, चार. हॉलमध्ये की खोलीत? मी म्हटलं, ते काही मी विचारलं नाही.

"त्या बिचाऱ्या रियादवाल्यांना एकोणीस प्रश्न," ती म्हणाली, "आणि यांना एकही नाही?"

मग तिने फ्रिजवरचं ते पान काढलं, चार घड्या केल्या आणि पिझ्झावाल्यांची कुपनं ठेवतो त्या ड्रॉवरमध्ये टाकलं. त्यानंतर दोन दिवस ती मला 'अहो' म्हणत होती. आमच्याकडे एरवी 'अरे' असतं. मान वाढला की समजावं, काहीतरी फार बिनसलंय. मलाही राग आला. मी काय स्वतःसाठी केलं होतं? परक्या गावात आपलं माणूस भेटतंय, घरचं जेवण मिळतंय, आणि इथे माझ्याशी असं वागणं की जणू मी तिचं अंगण विकून खाल्लं.

मंगळवारी सकाळी मी ऑफिसला निघण्याआधी टोस्ट खात होतो. तिने माझ्यासमोरून नॅपकिन आणि कॉलिंग कार्ड उचललं आणि नंबर फिरवला. तो सांगलीचा माणूस कामावर होता, फोन त्याच्या बायकोने घेतला. पहिली पाच मिनिटं दोघी एकमेकींना तुमचा काही त्रास नाही असं सांगत होत्या. मग माझी बायको थांबली आणि म्हणाली, "एक विचारू? तुम्हाला विचारलं होतं का हो तुमच्या यांनी?"

पलीकडून जे सुरू झालं ते माझा टोस्ट गार होईपर्यंत चाललं. विचारलं कसलं, तिला रविवारी रात्री जेवताना कळलं होतं. आतल्या खोलीत सासूबाई होत्या. हॉलमधल्या सोफाबेडचा एक पाय मोडला होता. तीन वर्षं ती त्या शहरात होती, भाजी घेऊन रोज त्या मातकट भिंतींजवळून जायची, कधी दार उघडं दिसलं तर क्षणभर थांबायची, पण एकाही रियादच्या आत तिने पाऊल टाकलं नव्हतं. नवरा म्हणायचा, आपलं घर असताना तिथे काय पाहायचंय. हे ऐकताना माझी बायको हसत होती की रडत होती मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

फोन ठेवून ती थेट कंप्युटरकडे गेली. दहा मिनिटांत हिरव्या फरश्यांच्या रियादमध्ये चार रात्रींचं बुकिंग झालं. एकही प्रश्न न विचारता. पहिल्या रात्री फोनवरची ती बाई तिच्याबरोबर राहायला येणार होती.

"आणि मी?" मी विचारलं.

"शब्द तुम्ही दिलात," बायको म्हणाली. "तुम्ही पाळा."

ते पान पुन्हा फ्रिजवर लागलं. घड्यांच्या रेघा मात्र तशाच राहिल्या.

मी शब्द पाळला. माराकेशमधली माझी पहिली रात्र त्या सांगलीच्या माणसाच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये गेली. सोफाबेडच्या मोडक्या पायाखाली टेलिफोन डिरेक्टरी होती, कंपनीचीच असल्यामुळे जाडजूड. त्याच्या आईने आम्हाला पिठलं-भात वाढला. मी सनीव्हेलहून अर्धं जग ओलांडून पिठलं खायला आलो होतो. तो माणूस ताक पिता पिता म्हणाला, "एक विचारू का? राग मानू नका. तुम्ही तिसऱ्या आग्रहालाच 'हो' कसं म्हणालात? मी आणखी एकदाच म्हणणार होतो, मग सोडूनच देणार होतो."

मी माझं ताक संपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रियादच्या दारात उभा राहिलो. पितळी कडी फोटोतल्यासारखीच होती. आत पायरीवर मांजर होतं. अंगणात कारंज्याच्या काठाला त्या दोघी पाय दुमडून बसल्या होत्या, पुढ्यात पुदिन्याचा चहा, आणि कुणालाही माझ्यासाठी उठायची घाई नव्हती. खोलीत गेलो. पलंग पूर्ण होता, हे मान्य करतो.

पण शॉवरला पडदा नव्हता. पाणी खोलीत यायचं. माझ्या यादीतला सातवा प्रश्न. हे मी तिला आजही ऐकवतो. ती म्हणते, असेल, माझं लक्ष नव्हतं, मी अंगणात होते.