गोलच्या जाळीतली डाव्या हाताची गाठ

भूतखेत, आत्मा-बित्मा सांगणाऱ्यांना मी आजवर तोंडावर खोटारडे म्हणत आलो. शाळा चौथीपर्यंत, पण अक्कल शाबूत हाय. तरी हे लिहून राहिलो, कारण राग जिरंना.

आमच्या किनवटचा फुटबॉलचा कप लई जुना. रेल्वे लाईनच्या पलीकडल्या मैदानात मॅचेस व्हायच्या. सुरुवातीला गोलला जाळीच नव्हती, नुसते बांबू. बॉल आतून गेला का बाहेरून, यावर दरसाल मारामाऱ्या. एकदा तर फायनल अर्ध्यात मोडली, कप कुणालाच दिला न्हाई. तेव्हा माझी बायको अनसूया पुढं झाली. तिचं माहेर पैनगंगेकाठचं, बाप मासे धरायचा. तिनं दोन जाळ्या विणून दिल्या अन् भांडण मिटलं. फाटली की सांधायची पण तीच... हात चालले तोवर.

यंदा कमिटीनं कपाचा इतिहास छापला. त्यात मंडपवाल्याचं नाव हाय, अनसूयाचं न्हाई. तिला जाऊन आठ महिने झालेत. सेमीफायनलच्या दिवशी मी सेक्रेटरीला गाठलं.

"काका, जाळी विणणं काय इतिहास असतोय का? मग चहावालीचं पण लिहावं लागंल."

"लिही की. तुझ्या बापाचं लिहिलंस, त्यानं तर बॉलला कधी पाय लावला न्हाई."

त्याच मॅचला बॉल कमिटीनं अनसूयामागं आणलेली विकतची जाळी फाडून पार गेला. गोल का न्हाई? झालं सुरू, पहिल्यासारखं. शेवटी सेक्रेटरीनं जाळी काढून कमिटीच्या खोलीत टाकली, कुलूप लावलं, किल्ली स्वतःच्या खिशात.

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळ्यांदेखत खोली उघडली — भोक सांधलेलं. मी गाठी चाचपल्या. अनसूया डावखुरी, तिची गाठ उलटी पडायची. ती मला कधी जमली न्हाई, गावात कुणालाच न्हाई.

"काका, आत कधी शिरलात?"

"किल्ली तुझ्या खिशात अन् चोर मी व्हय रे?"

जाळी उचलून मैदानाकडं निघाला. पण नाव टाकतो असं काही बोलला न्हाई. त्याच जाळीवर फायनल खेळली.

तुम्ही शिकलेली माणसं, तुम्हीच सांगा काय असंल. मला तर अजून उलगडा न्हाई. कमिटीवर राग हायच. पण खरं सांगू... अनसूयावर जास्त हाय. ज्यांनी नाव लिहिलं न्हाई, त्यांची जाळी सांधायला आली. तिथून घर दोन गल्ल्या. आठ महिने मी एकटा बसलोय... डोकावून तरी जायचं.